मन पालटण्याची विद्या

गेल्या पावसाळ्यांत एके सायंकाळीं बुधवार चौकांतील पुणें नगर वाचन मंदिरांतून आम्ही बाहेर पडत असतां आमच्या परिचयाचे एक गृहस्थ भेटले. वय साठीच्या पुढें, सरकारी नोकरींतून निवृत्त, तुळशीबागेजवळच्या एका जुन्या वाड्यांत बिऱ्हाड. हातांत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, व त्यांत जागोजागीं खुणेसाठीं घातलेलीं बसचीं तिकिटें. "सर, तुम्ही इंग्रजीचे. हें वाचलें असेलच. यांतलें खरें किती?" असें त्यांनीं विचारलें. पुस्तक होतें मायकेल पोलन या अमेरिकन लेखकाचें, २०१८ सालीं प्रसिद्ध झालेलें. त्याच्या नांवाचा सरळ अर्थ 'आपलें मन कसें पालटावें' असा होतो. प्रश्न वाङ्मयीन असावा असें आम्हांस क्षणभर वाटलें. तो तसा नव्हता. गृहस्थांची कन्या गेलीं सात वर्षें खिन्नतेच्या विकारानें जर्जर झाली आहे. तीन औषधें झालीं. एक लागूं पडलें, पुढें तेंही पडेनासें झालें. आणि आतां तिनेंच हें पुस्तक आणून वडिलांपुढें ठेविलें होतें. "तिला पुष्कळ दिवसांनीं कशाची तरी आशा वाटते आहे. ही गोष्ट चांगली कीं वाईट, एवढेंच मला कळत नाहीं," असें म्हणून ते गप्प राहिले.

परीक्षण लिहावयाचें तें पुस्तक ताजें असतां लिहावें, असा मासिकांचा संकेत आहे. हें पुस्तक ताजें नाहीं, आणि त्यावर इंग्रजींत लिहिलें गेलें तेंही थोडेंथोडकें नाहीं. तथापि कांहीं पुस्तकांचें खरें परीक्षण काळच करितो. २०१८ सालीं ज्या प्रयोगांच्या पायावर पोलननें आपली इमारत उभारली, त्यांच्या पुढच्या पायऱ्या आज आपल्यासमोर आहेत. कांहीं नीट बसल्या, कांहीं ढासळल्या. पहिल्या वाचकांस नसलेली ही सोय आपल्यास आहे, म्हणून हा लेख.

विषय थोडक्यांत सांगतों. स्वित्झर्लंडमधील बाझल येथें सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेंत आल्बर्ट हॉफमन या रसायनज्ञानें राय नांवाच्या धान्यावर पडणाऱ्या अरगट बुरशींतील द्रव्यापासून १९३८ सालीं एक नवा पदार्थ सिद्ध केला. त्याच्या अंगचा गुण मात्र पांच वर्षांनीं, १९४३ च्या एप्रिलांत, हॉफमनच्याच देहावर प्रकट झाला. त्या महिन्याच्या १९ तारखेस त्यानें तो पदार्थ पाव मिलिग्रॅम मुद्दाम घेतला, आणि सायकलीवरून घरीं जातां जातां जग हालतांना व वांकतांना पाहिलें. हाच तो एलएसडी. मेक्सिकोंतील डोंगराळ भागांतील लोक धर्मविधींत जीं अळंबीं खात, त्यांतील सिलोसायबिन हें द्रव्यही पुढें हॉफमननेंच वेगळें काढलें. १९५० नंतरच्या दशकांत कॅनडांत हंफ्री ऑस्मंड व त्याचे सहकारी यांनीं दारूच्या आहारीं गेलेल्या माणसांवर एलएसडीचा उपचार करून पाहिला, व कांहीं काळ वैद्यकवर्गांत मोठी उमेद निर्माण झाली. त्यापुढच्या दशकांत हार्वर्ड विद्यापीठांतील टिमोथी लीअरी यांच्यासारख्यांच्या अतिउत्साहानें प्रयोगशाळेंतली बाटली रस्त्यावर आली. १९७० सालीं अमेरिकेनें कायदा केला, १९७१ सालीं संयुक्त राष्ट्रांचा करार झाला, आणि संशोधनास जवळजवळ टाळें लागलें. तें उघडलें २००६ सालीं, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत रोलंड ग्रिफिथ्स यांनीं ३६ निरोगी माणसांवर केलेल्या प्रयोगाच्या प्रसिद्धीनें. पोलनचें पुस्तक या टाळ्यापासून सुरू होतें.

या द्रव्यांस हांक कोणत्या नांवानें मारावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक आहे. डॉक्टर पूर्वीं यांस भ्रमजनक म्हणत. ऑस्मंडनें दोन ग्रीक शब्दांचा सांधा जुळवून 'सायकेडेलिक', म्हणजे मन प्रकट करणारें, असें नांव दिलें. पहिल्या नांवांत आरोप आहे, दुसऱ्यांत जाहिरात. मराठींत आम्ही दोन्ही टाळून नुसतें 'हीं द्रव्यें' म्हणणार आहों. वाचकांनीं यास आमचा भित्रेपणा म्हटलें तरी चालेल.

पोलन हा मूळचा बागबगीचे व अन्न यांवर लिहिणारा. हें पुस्तक लिहावयास घेतलें तेव्हां तो साठीच्या घरांत होता. धर्माकडे ओढा नाहीं, तारुण्यांतही या वाटेस फारसा गेलेला नाहीं, आणि हृदयाचे ठोके मधून मधून अनियमित पडणारे, म्हणून प्रयोगापूर्वीं हृदयतज्ज्ञाचा सल्ला घेणारा. असा सावध, मध्यमवर्गीय, प्रपंची माणूस या रानांत शिरतो, हीच पुस्तकाची पहिली मोहिनी. शास्त्रीय विषय तो माणसांच्या भेटीगांठींतून उलगडतो. अळंब्यांच्या वेडानें झपाटलेल्या पॉल स्टॅमेट्सबरोबर पॅसिफिक किनाऱ्यावर केलेली भटकंती मोठी रम्य उतरली आहे. त्याच प्रकरणांत गॉर्डन वॉसनची हकीकत येते. हा न्यूयॉर्कच्या पेढीवरचा बडा अधिकारी १९५५ सालीं मेक्सिकोंतील वाउत्ला गांवीं मारिया साबिना नांवाच्या स्त्रीच्या विधीस रात्रभर बसला, तिच्या हातचीं अळंबीं खाल्लीं, आणि १९५७ सालीं 'लाइफ' साप्ताहिकांत त्याचें सचित्र वर्णन छापलें. पुढें परदेशच्या हौशी लोकांची त्या गांवावर धाड पडली. गांव त्या बाईवर उलटलें. तिचें घर जाळण्यांत आलें. ती आजाऱ्यांसाठीं तो विधि करीत असे. आलेले पाहुणे आजारी नव्हते, ते देव पाहावयास आले होते. हीं पानें आम्हांस सबंध पुस्तकांत सरस वाटलीं. मात्र ज्या लेखकानें हीं लिहिलीं, त्यास आपलेंही पुस्तक लाखों वाचकांस त्याच वाटेस लावील ही शंका किती सतावीत होती, हें त्यावरून कळत नाहीं.

चौथें प्रकरण हें पुस्तकाचें हृदय, आणि टीकाकाराच्या दृष्टीनें तेंच सर्वांत अवघड स्थळ. येथें पोलन स्वतः हीं द्रव्यें घेतो, तींही कायद्याच्या नजरेआड काम करणाऱ्या मार्गदर्शकांच्या हातून. एका प्रसंगीं आपला 'मी' कागदाच्या चिठोऱ्यांप्रमाणें वाऱ्यावर उधळला जात आहे, व तें कोणीएक अगदीं निर्विकारपणें पाहत आहे, असें तो सांगतो. पुढें बाखच्या चेलोसंगीतांत ऐकणारा व ऐकलेलें यांतील सीमाच उरत नाहीं. वर्णन प्रामाणिक आहे, त्यांत स्वतःची थट्टाही आहे. परंतु परत आल्यावर हातीं काय राहिलें हें सांगूं लागतांच लेखणी अडखळते. प्रेम हेंच सर्व कांहीं, अशा थाटाचें एखादें वाक्य उरतें, आणि हें वाक्य शुभेच्छापत्रावर शोभेल याची लेखकासच लाज वाटते. सत्यांतली भावना आटून गेली म्हणजे जें चिपाड राहतें तेंच घासून गुळगुळीत झालेलें वचन होय, असा कांहींसा तो आपला बचाव करितो.

बचाव चतुर आहे. परंतु ज्या भाषेंत 'अमृतानुभव' लिहिला गेला तिच्या वाचकास तो पटूं नये. अनुभव शब्दाच्या पलीकडचा आहे हें सांगावयास ज्ञानदेवांस सुमारें आठशें ओव्या लागल्या, आणि शब्दाचें खंडन करावयासही त्यांनीं एक स्वतंत्र प्रकरण शब्दांनींच रचिलें. त्या ओव्यांत चिपाड नाहीं. याचें कारण अनुभव अधिक मोठा होता असें आम्ही म्हणत नाहीं. दोन माणसांच्या अनुभवांची मापें घेण्याचें साधन आमच्यापाशीं नाहीं. कारण इतकेंच कीं, त्यामागें गुरुपरंपरेची, उपमांची, वादविवादाची एक तयार भाषा उभी होती, आणि ती वापरणारा त्या भाषेंत जन्मभर वागलेला होता. पोलनला अनुभव एका दुपारीं मिळाला. भाषा दुपारभरांत कोठून मिळणार?

हा दोष केवळ साहित्याचा असता तर आम्ही येथेंच थांबलों असतों. पण उपचाराच्या पद्धतींतही तो प्रश्न आहे. हीं द्रव्यें देणारे संशोधक सांगतात कीं, मात्रा घेतल्यानंतरच्या दिवसांत रुग्णानें उपचारकाजवळ बसून आपल्या अनुभवास शब्द द्यावयाचे असतात, व सुधारणेचा मोठा भाग त्यांत असतो. हॉपकिन्सच्या प्रयोगांत अनुभवाची खोली मोजण्यास जी प्रश्नावली वापरली, तिचें कूळ वॉल्टर स्टेस या तत्त्वज्ञाच्या गूढवादावरील विवेचनापर्यंत जातें: एकत्व वाटलें काय, काळाचें भान सुटलें काय, शब्दांत सांगतां येत नाहीं असें वाटलें काय. हरिपाठ ऐकत वाढलेली, पण देवावरचा विश्वास कॉलेजांत कोठेंतरी सांडून आलेली बुधवार पेठेंतली मुलगी या प्रश्नांना काय उत्तर देईल? आणि तें ऐकणाऱ्याला तिच्या उत्तरांतलें श्रद्धेचें किती, संकोचाचें किती, सवयीचें किती, हें ओळखतां येईल काय? प्रश्नावलीचें मराठी करणें ही एका आठवड्याची गोष्ट आहे. ऐकणारा तयार करण्यास मात्र वर्षें लागतील.

आमची मुख्य तक्रार निराळी आहे, ती पुस्तकाच्या रचनेविषयीं. रुग्णांवर काय परिणाम झाला हें पोलन सहाव्या प्रकरणांत सांगतो; स्वतःचा प्रवास चौथ्यांत. वाचक साक्षीपुराव्यापर्यंत पोंचतो तेव्हां तो लेखकाबरोबर स्वर्गाची वारी करून आलेला असतो. साक्षीदार तपासण्यापूर्वीं वकिलानें न्यायाधीशास घरीं नेऊन श्रीखंडपुरीचें जेवण घालावें, त्यांतलाच हा प्रकार. शिवाय पोलन निरोगी आहे. त्याचें भय हें प्रकृति धड असलेल्या माणसाचें कुतूहलमिश्रित भय. सात वर्षें सकाळीं उठणेंच ज्यास संकट वाटतें त्याचें भय नव्हे. ज्यांच्या घराण्यांत बुद्धिभ्रंशाचा विकार झालेला आहे अशांस या चाचण्यांत घेत नाहींत, हेंही पुस्तकांत आहे. पण तें वाक्य वाचकाच्या ध्यानांत राहत नाहीं, चेलो राहतो. आमच्या गृहस्थांस आम्हीं विचारलें तेव्हां कळलें कीं, त्यांचे सख्खे धाकटे बंधु येरवड्याच्या मनोरुग्णालयांत कित्येक वर्षें होते. तिकिटांच्या खुणा आम्हीं पाहिल्या. त्या वाक्याशीं एकही नव्हती.

आतां साक्षीपुरावा. २०१६ सालीं हॉपकिन्स व न्यूयॉर्क विद्यापीठ येथील दोन चाचण्या एकाच वेळीं प्रसिद्ध झाल्या. एकींत ५१ रुग्ण, दुसरींत २९, सारे कर्करोगानें ग्रासलेले व मृत्यूच्या चिंतेनें पोखरलेले. सिलोसायबिनच्या एका मोठ्या मात्रेनंतर बहुतेकांची खिन्नता व भय यांस लक्षणीय उतार पडला, आणि सहा महिन्यांनींही तो बराच टिकून होता. पोलनच्या पुस्तकांतील मरणाऱ्या माणसांचीं वर्णनें येथून आलीं आहेत, व तीं वाचतांना आमचेही डोळे पाणावले हें आम्ही लपवीत नाहीं. पुढें, २०२१ सालीं, लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत ५९ रुग्णांत सिलोसायबिन व नेहमींचें एक खिन्नतानाशक औषध यांची समोरासमोर तुलना झाली. मुख्य मोजपट्टीवर दोहोंत ठाम फरक आढळला नाहीं. २०२२ सालीं दहा देशांतील २३३ हट्टी खिन्नतेच्या रुग्णांवर अधिक मोठी चाचणी झाली. तींत २५ मिलिग्रॅमची मात्रा मिळालेल्यांपैकीं २९ टक्के रुग्ण तीन आठवड्यांनीं रोगमुक्तप्राय झाले. नांवापुरती १ मिलिग्रॅम मात्रा मिळालेल्यांत हें प्रमाण ८ टक्के होतें. फरक खरा आहे. परंतु बारा आठवडे सुधारणा टिकली ती मोठ्या मात्रेच्या गटांतही सुमारें पांचांपैकीं एकाचीच, आणि आत्मघाताचे विचार बळावल्याच्या कांहीं नोंदीही त्यांत आहेत. चाळीस वर्षांत नवें असें कांहीं न सांपडलेल्या क्षेत्रांत हें लहान नव्हे. पण पुस्तक जो सूर्योदय सुचवितें तो हा नव्हे.

एमडीएमए या दुसऱ्या द्रव्याची कथा अधिक बोधप्रद आहे. युद्ध, बलात्कार, बालपणींचा छळ अशा आघातांनीं मागें राहिलेल्या विकारावर त्याच्या मोठ्या चाचण्या झाल्या. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणींत १०४ रुग्ण होते. द्रव्य व मानसोपचार मिळालेल्यांपैकीं ७१ टक्के, आणि नुसता मानसोपचार व पोकळ गोळी मिळालेल्यांपैकीं ४८ टक्के, विकाराच्या व्याख्येंतून बाहेर पडले. तरीही अमेरिकेच्या औषधनियामक संस्थेनें २०२४ च्या ऑगस्टांत त्यास परवानगी नाकारली. चाचणीचा प्राण म्हणजे झांकलेलें पान. खरें औषध कोणास मिळालें व पोकळ गोळी कोणास, हें रुग्णास वा वैद्यास कळूं नये. येथें तें बहुतेकांस तासाभरांत कळतें; भिंती श्वास घेऊं लागल्या म्हणजे कोणास संशय राहील? ज्यास औषध मिळालें त्याची आशा दुणावते, ज्यास मिळालें नाहीं तो हिरमुसतो, आणि या दोहोंतील अंतर औषधाच्या खात्यावर जमा होतें. त्यांतच पूर्वींच्या एका चाचणींत उपचारकांनीं रुग्ण स्त्रीशीं मर्यादा सोडून वर्तन केल्याचें उघडकीस आलें, व कांहीं निबंध मागें घ्यावे लागले. ज्या अवस्थेंत माणसाचा 'मी' चिठोऱ्यांसारखा उधळतो, त्या अवस्थेंत शेजारीं कोण बसलें आहे हा तपशील नव्हे. ऑस्ट्रेलियानें १ जुलै २०२३ पासून अधिकृत मानसोपचारतज्ज्ञांस हीं दोन्ही द्रव्यें ठराविक विकारांत देण्याची मुभा दिली आहे. तेथील अनुभव पाहण्याजोगा ठरेल.

याच संदर्भांत एक जुनी गोष्ट आठवते. १८९३ सालीं सरकारनें गांजा, भांग व चरस यांच्या चौकशीसाठीं कमिशन नेमलें होतें. गांजानें वेड लागतें असा तेव्हां सर्वत्र समज, व त्यास आधार वेड्यांच्या इस्पितळांतील आंकडे. कमिशननें वह्या मागवून एकेका रुग्णाची चौकशी केली तेव्हां दिसून आलें कीं, वेडाचें कारण या रकान्यांत बहुधा पोलिसांच्या कागदावरचा शेरा उतरवून घेतलेला असे, आणि पोलिसांस दुसरें कारण सुचलें नाहीं म्हणजे गांजा हें कारण हाताशीं असेच. त्या काळीं वेड रकान्यांतून गांजाच्या माथीं बसलें. आज आरोग्य रकान्यांतून अळंब्याच्या पदरीं पडत नाहीं ना, हें तितक्याच कसोशीनें पाहावयास हवें. कमिशनचे ते खंड आज कोणी वाचीत नाहीं. पुराव्याची चिकित्सा कशी करावी याचा तो एक नमुना आहे, आणि इंग्रज अमलदारांच्या गद्याविषयीं आमचें मत फारसें चांगलें नसतांही हें आम्ही म्हणतों.

दुसऱ्या भेटींत आमचे गृहस्थ म्हणाले, "पण सर, हें सारें आपल्याकडे होतेंच कीं. सोम म्हणजे दुसरें काय?" हा प्रश्न आज अनेक सुशिक्षित घरांत ऐकूं येतो. ऋग्वेदाचें नववें मंडल, म्हणजे ११४ सूक्तें, सोमास वाहिलेलें आहे; परंतु तो सोम कोणती वनस्पति याचें विस्मरण पुढच्या काळांतील वैदिकांसच झालें. वर सांगितलेल्या वॉसननेंच १९६८ सालीं एक देखणा ग्रंथ लिहून सोम म्हणजे तांबड्या टोपीचें, पांढऱ्या ठिपक्यांचें अळंबें असें प्रतिपादिलें. केंब्रिजचे जॉन ब्रफ यांनीं १९७१ सालीं त्याच्या वेदार्थावर कठोर आक्षेप घेतले. आणि आमच्या पुण्यांत चिं. ग. काशीकर यांनीं, ज्यांचें आयुष्य श्रौतविधींच्या ग्रंथांत गेलें, १९९० सालीं टिळक महाराष्ट्र विद्यापीठातर्फें प्रसिद्ध झालेल्या छोट्याशा इंग्रजी पुस्तकांत एफेड्रा या झुडपाच्या बाजूनें निर्णय दिला. पारशी लोकांच्या होमविधींतही याच झुडपाचा उपयोग होत आला आहे. एफेड्रा ही अंगांत तरतरी आणणारी, झोंप दूर ठेवणारी वनस्पति. देखावे दाखविणारी नव्हे. वाद मिटला असें नाहीं. पण वॉसनचें म्हणणें मान्य केलें तरी त्याचें तांबडें अळंबें व आजच्या चाचण्यांतील सिलोसायबिन यांची रसायनें अगदीं निराळीं. तेव्हां पूर्वजांच्या पुण्याईवर आज कोणीं मात्रा घ्यावी, हें कोणत्याही वाटेनें सिद्ध होत नाहीं.

या विषयांत पुण्याचा खरा पूर्वज निराळाच आहे, आणि तो जर्मन. डॉ. मार्टिन हौग हे १८५९ ते १८६६ या काळांत येथील सरकारी कॉलेजांत संस्कृताचे अध्यापक होते. तें कॉलेज तेव्हां विश्रामबाग वाड्यांत भरे, म्हणजे बुधवार चौकापासून चार पावलांवर. ऐतरेय ब्राह्मणाचें त्यांचें भाषांतर १८६३ सालीं मुंबईस प्रसिद्ध झालें. यज्ञविधि नुसता वाचून समजेना म्हणून त्यांनीं एका श्रोत्रियाकडून तो आपल्या आवारांत करवून पाहिला, आणि सोमरसही अनेकदां चाखला. रस कडू व तुरट आहे, थोडी धुंदी येते, परंतु कांहीं चमच्यांपलीकडे आपल्यास तो पिववला नाहीं, एवढें त्यांनीं नमूद केलें. आणि दक्षिणेंतील याज्ञिक आज वापरतात ती वनस्पति वेदांतला सोम नव्हे, हेंही लगेच सांगितलें. बस्स. पोलनचीं चेलोचीं पानें वाचून झाल्यावर हौगसाहेबांच्या त्या चार ओळी वाचाव्या. घेतलें किती, चव कशी, झालें काय, आणि यावरून काय सिद्ध होत नाहीं, हें सर्व त्यांत आहे. पोलनपाशीं शेवटचें तेवढें थोडें कमी पडतें.

आणि पूर्वजच हवे असतील तर पतंजलि आहेत. कैवल्यपादाच्या आरंभींच सिद्धींचे पांच उगम सांगतांना त्यांनीं औषधि हा एक उगम मोकळेपणीं मान्य केला आहे. परंतु थोड्याच सूत्रांनंतर ते असेंही सांगतात कीं, या पांचांपैकीं ध्यानांतून घडलेलें चित्त तेवढें वासनांच्या सांठ्यापासून मोकळें असतें. औषधीनें दार उघडतें हें त्यांस नाकारावयाचें नव्हतें. आंतला सांठा तसाच राहतो, एवढी नोंद त्यांनीं केली. ही नोंद बारा आठवड्यांनंतरच्या त्या पांचांतल्या चौघांविषयीं आहे असें म्हणण्याचा मोह आम्ही आवरतों.

पोलनच्या पुस्तकाशेजारीं आम्हांस एक मराठी पुस्तक ठेवावेंसें वाटतें: अनिल अवचट यांचें 'गर्द'. दोन्ही पुस्तकांत मोठा भेद आहे हें प्रथम सांगावयास हवें. गर्द म्हणजे हेरॉइनचा ओबडधोबड अवतार. त्याची तलफ माणसास गुलाम करिते, तशी या दुसऱ्या द्रव्यांची करीत नाहीं. तरीही दोन लेखकांच्या उभे राहण्याच्या जागा पाहण्यासारख्या आहेत. पोलन स्वतः घेऊन पाहतो. अवचट घेणाऱ्याच्या शेजारीं जाऊन बसतात. त्याची आई, त्याची बायको, विकलेलीं भांडीं, हें सारें त्यांच्या आंखूड, बिनअलंकारी वाक्यांत येतें, आणि लेखक स्वतः जवळजवळ नाहींसा होतो. 'मी' नाहींसा होणें हा पोलनच्या पुस्तकांतला मोठा प्रसंग आहे. अवचटांच्या पुस्तकांत तो प्रत्येक पानावर, कांहींही न घेतां, घडतो. त्या लेखनांतून १९८६ सालीं, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्यानें, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत मुक्तांगण व्यसनमुक्ति केंद्र उभें राहिलें, व तें डॉ. अनिता अवचट यांनीं चालविलें. पुस्तकानें जगांत काय केलें हें टीकेचें माप नव्हे, हें आम्ही वर्गांत दर वर्षीं सांगतों. या एका पुस्तकापुरतें तें आम्हांस नीट सांगतां येत नाहीं.

मुक्तांगणाची आठवण येण्यास आणखी एक कारण आहे. सिलोसायबिनच्या चाचणींत मात्रा एक, पण रुग्णाच्या उशाशीं प्रशिक्षित माणूस सहा ते आठ तास बसलेला. आधींच्या भेटी निराळ्या, नंतरच्या निराळ्या. आमच्या देशांत हें कोण करणार? राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी २०१५-१६ सालीं १२ राज्यांत झाली. तिच्याप्रमाणें विकाराविकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांस उपचारच मिळत नाहीं. ज्यांस मिळतो त्यांच्या वांट्यास डॉक्टरांचीं किती मिनिटें येतात, हें ज्यांच्या घरीं असा रुग्ण आहे त्यांस विचारावें. १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा हीं द्रव्यें बाळगण्यास बंदी करितो, मात्र वैद्यकीय व शास्त्रीय कारणांसाठीं परवान्याची वाट त्यांत आहे. म्हणजे कायदा हा संशोधनास अगदींच न ओलांडतां येणारा उंबरठा नव्हे. केटामाइन हें भुलीचें जुनें औषध आपल्याकडील कांहीं रुग्णालयांत हट्टी खिन्नतेवर डॉक्टरांच्या देखरेखीखालीं आज वापरलें जातें. त्याची जात वेगळी, पण वाट मोकळी आहे. अवघड आहे तें सहा तास बसणारें माणूस. पोलनचें पुस्तक या माणसाविषयीं पुष्कळ सांगतें, पण त्याची किंमत कोठेंच मांडीत नाहीं.

या पानांवरून कोणी आम्हांस नव्या विद्येचे शत्रु समजूं नये. पुस्तक वाचनीय आहे, बव्हंशीं सचोटीचें आहे, आणि रोग्यास केवळ गोळ्या मोजून देण्याच्या पद्धतीवर त्यानें जो प्रकाश टाकला तो कोणीतरी टाकावयासच हवा होता. येथील एखाद्या वैद्यकीय संस्थेंत, परवाना घेऊन, मराठी बोलणाऱ्या रुग्णांवर अशी चाचणी व्हावी असें आम्हांस मनापासून वाटतें. गोव्याच्या किनाऱ्यावरील ज्या शिबिराचा पत्ता गृहस्थांच्या कन्येनें पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनें लिहून ठेविला होता, तेथें मात्र होऊं नये.

तिसऱ्या भेटींत त्यांनीं विचारलें, "मग पुस्तक तिला परत देऊं कीं नको?" आम्ही म्हणालों, द्यावें; तिनेंच तें आणलें आहे, काढून घेतलें तर ती दुसरें आणील. फक्त चौथें प्रकरण सहाव्यानंतर वाचावयास सांगावें, धाकट्या काकांची हकीकत तिला सांगितली नसल्यास आतां सांगावी, आणि पुढच्या वेळीं डॉक्टरांकडे जातांना पुस्तक बरोबर न्यावें. ती हकीकत तिला ठाऊक नव्हती. वाड्यांत पंचवीस वर्षें ती कोणी बोललेलें नाहीं, असें ते म्हणाले, आणि पुस्तक काखोटीस मारून जोगेश्वरीच्या बाजूस वळले.